पाणी आणि पाटी

शाळांना सुटी लागली कीं आमच्याकडील सुशिक्षित घरांत एक प्रश्न ठरलेला असतो : मुलांना आतां कोठें घालावें? पूर्वीं हा प्रश्न उद्भवत नसे. मुलें आजोळीं जात आणि सुटी संपली कीं काळवंडून, गुडघे फोडून परत येत. आतां सुटीचे वर्ग निघाले आहेत. सकाळीं पोहण्याचा, दुपारीं चित्रकलेचा, सायंकाळीं आणखी कसला तरी. पहिली-दुसरींतील लेंकरें एका दारांतून निघून दुसऱ्या दारांत शिरत असतात, आणि सुटीच्या अखेरीस त्यांच्या हातीं दोन छापील प्रशस्तिपत्रकें पडतात.

ह्या वर्गांची थट्टा करण्याचा आमचा हेतु नाहीं. पोहणें आणि चित्र काढणें ह्या दोन्ही गोष्टी मुलांना लहानपणींच यावयास हव्यात, असें आमचें मत आहे. वात्स्यायनानें दिलेल्या चौसष्ट कलांच्या यादींत आलेख्य, म्हणजे चित्रकला, अगदीं आरंभीं चौथ्या स्थानीं आहे. आणि उदकवाद्य व उदकाघात ह्या पाण्यांतील कलाही त्याच यादींत आहेत. तेव्हां ह्या दोहोंना एका पंक्तींत बसविण्याची कल्पना कांहीं आजची नव्हे. प्रश्न आहे तो त्या कशा शिकवाव्या आणि कशासाठीं शिकवाव्या हा. ह्या प्रश्नाचें उत्तर आम्हांस शहरांतील वर्गांत मिळालें नाहीं. तें लातूर जिल्ह्यांतील देवणी येथें एका विहिरीच्या कांठीं मिळालें, आणि तेंही आमच्या एका चुकीनंतर मिळालें. तीच हकीकत वाचकांस सांगावयाची आहे.

“तिथे पाय टेकत होते”

देवणी हें कर्नाटकाच्या सीमेलगत वसलेलें तालुक्याचें गांव. त्याचें नांव देशभर गेलें तें तेथील गोवंशामुळें. गांवालगत आमच्या मावसबंधूंची शेती आहे. पाऊस बरा झालेल्या एका वर्षीं दिवाळीच्या सुटींत आम्ही आमच्या धाकट्या बंधूंच्या दोन मुलांना घेऊन त्यांच्याकडे गेलों. मुलगा सात वर्षांचा, मुलगी नऊ वर्षांची. मुलगा शहरांतील तलावावर महिनाभर पोहण्याच्या वर्गास गेलेला होता व त्याचें प्रशस्तिपत्रक घरीं चौकटींत लावलेलें होतें. मुलीला मात्र त्या वर्गास घातलें नव्हतें. तिचा ओढा चित्रकलेकडे आहे, तेव्हां ती त्या वर्गास जाऊं दे, पोहणें काय, पुढें केव्हां तरी शिकेल, असें घरांत सर्वांनीं ठरविलें होतें. आणि त्या सर्वांत आम्हीही होतों.

दुसऱ्या दिवशीं दुपारीं ऊन्ह तापल्यावर शेतावर गेलों. विहीर जुनी, दगडी बांधणीची, एका अंगानें पायऱ्या उतरत गेलेली. पाणी सहाव्या पायरीस लागलें होतें. पुढें तें चार परस खोल आहे, असें मावसबंधु म्हणाले. तें ऐकतांच आमच्या प्रशस्तिपत्रकधारी चिरंजीवांनीं पायरीवर जी बसकण मारली ती कांहीं केल्या सुटेना. समजावून झालें, लालूच दाखवून झाली. शेवटीं मान खालीं घालून तो हळूच म्हणाला, “काका, तिथे पाय टेकत होते.”

ह्या एका वाक्यांत सर्व आलें. महिनाभर तो ज्या पाण्यांत होता तें त्याच्या छातीइतकें होतें. हातपाय मारावयास तो शिकला होता. पाण्यावर अंग टाकावयास शिकला नव्हता, कारण भीति वाटली कीं तळाला पाय लावण्याची सोय होती. शिकविणारानें फसविलें असें नव्हे. पहिले धडे उथळ पाण्यांतच व्हावे हें योग्यच आहे. परंतु आरंभ तोच शेवट मानून प्रशस्तिपत्रक दिलें, आणि आम्हीं तें चौकटींत बसविलें, ही चूक झाली.

विहिरीची शाळा

लातूरकडील मुलूख काळ्या कातळाचा. वर काळी माती, खालीं बेसाल्टचा खडक. नद्या पावसाळ्यापुरत्या. म्हणून विहीर हीच येथील पोहण्याची शाळा होती. कोरडा भोपळा पाठीस बांधावा, किंवा पांगाऱ्याचा हलका ओंडका कमरेस बांधावा आणि मुलाला पाण्यांत सोडावें, ही मराठी मुलुखांतील जुनी रीत. पुढें भोपळ्याची जागा रॉकेलच्या रिकाम्या डब्यानें घेतली, मग मोटारीच्या ट्यूबेनें, आणि आतां तेलाच्या रिकाम्या प्लॅस्टिकच्या कॅननें. साधन बदललें, तत्त्व तेंच राहिलें. ह्या शाळेस फी नव्हती, गुरु म्हणजे बाप किंवा चुलता. आणि सहाव्या-सातव्या वर्षीं गेलेलें मूल दहाव्या वर्षीं कांठावरून सूर मारीत असे.

ही परंपरा मध्यंतरीं तुटली, आणि ती कशी तुटली हें समजून घेण्यासारखें आहे. २०१२ नंतरच्या चार वर्षांत मराठवाड्यावर एकामागून एक अवर्षणें आलीं. १२ एप्रिल २०१६ रोजीं मिरजेहून सुमारें पांच लाख लिटर पाणी घेऊन पहिली आगगाडी लातुरास पोहोंचली, ही गोष्ट वाचकांच्या स्मरणांत असेल. पिण्याचें पाणी जेथें गाडीनें आलें तेथें पोहण्याच्या पाण्याची गोष्ट कोण काढणार? २०१२ सालीं पहिलींत बसलेल्या मुलाच्या शिकण्याच्या ऐन वयांत विहिरींचे तळ उघडे पडले होते. बाप पट्टीचा पोहणारा आणि मुलगा पाण्यास भिणारा, असें दृश्य ह्या भागांत त्यामुळें दिसूं लागलें.

मग पाणी आलें, पण निराळ्या रूपानें. “मागेल त्याला शेततळें” ही राज्य सरकारची योजना २०१६ सालीं सुरू झाली आणि रानोमाळ शेततळीं झालीं. पिकाला त्यांचा आधार मोठा. परंतु पाणी मुरूं नये म्हणून पुष्कळ तळ्यांच्या उतारावर प्लॅस्टिकचें जाड अस्तर पसरलेलें असतें. तें ओलें झालें, त्यावर शेवाळ धरलें, कीं पाय ठरत नाहीं. आणि आंत गेलेल्यास, तो मोठा माणूस असला तरी, वर चढतां येत नाहीं. विहिरीला निदान पायरी असे, कपार असे. शेततळ्यांत मूल बुडाल्याची बातमी वर्तमानपत्रांत येते तेव्हां आपण हळहळतों आणि पान उलटतों. ज्या पिढीची पोहण्याची शाळा दुष्काळानें बंद पाडली, तिच्याच दारांत हें निसरडें पाणी येऊन उभें राहिलें आहे, हा कार्यकारणभाव आपल्या ध्यानांत येत नाहीं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें २०२१ ह्या एका वर्षांत जगांत सुमारें तीन लक्ष माणसें बुडून मेलीं. त्यांतील जवळजवळ चौथा हिस्सा पांच वर्षांखालील बालकांचा होता. म्हणूनच ती संघटना सांगते कीं, सहा वर्षांवरील प्रत्येक मुलाला पोहणें, पाण्याजवळचें वागणें आणि दुसऱ्याला वांचविण्याची सुरक्षित रीत, ह्या तिन्ही गोष्टी शिकवाव्या. बांगलादेशांत ह्याकरितां मोठे हौद बांधीत बसले नाहींत. गांवच्या तळ्यांतच बांबूचा मांचा बांधला आणि त्यावर मुलें शिकविलीं. मुलानें पंचवीस मीटर पोहावें, अर्धा मिनिट तरंगत राहावें आणि कांठावरून दुसऱ्यास मदत करावी, एवढीच तेथील परीक्षा. आमच्या मतें ही कसोटी आपल्याकडील पुष्कळ प्रशस्तिपत्रकांहून अधिक खरी आहे.

आबांचा तळहात

मावसबंधूंच्या शेतावर देखरेख करणारे एक वृद्ध गृहस्थ होते. सर्व त्यांना आबा म्हणत. आसपासच्या वस्त्यांवरील तीन पिढ्या त्यांच्या हाताखालीं पोहावयास शिकलेल्या. आम्हीं त्यांना म्हटलें, “आबा, आमच्या लहानपणीं सरळ ढकलून देत असत.” ते म्हणाले, “देत हुते की. ढकललं तर एखादं लेकरू शिकतं, आन् चार जन्मभर विहिरीकडं फिरकत न्हाईत.”

पहिल्या दिवशीं त्यांनीं मुलाला पाण्यांत नेलेंच नाहीं. पायरीवर बसवून पाय पाण्यांत सोडविले आणि ओंजळीनें तोंडावर पाणी मारण्याचा खेळ मांडला. दुसऱ्या दिवशीं श्वास घेऊन तोंड पाण्यांत घालणें, आणि आंत नाकातोंडानें बुडबुडे सोडणें. हा धडा क्षुल्लक दिसतो, परंतु सारें पोहणें त्यावर उभें आहे. ज्याला पाण्यांत श्वास सोडतां आला, त्याला वर येऊन घेण्यापुरताच वेळ लागतो. ज्याला आला नाहीं, तो वर येऊन सोडण्याचें व घेण्याचें अशीं दोन्ही कामें एका क्षणांत करूं पाहतो आणि पाणी पितो.

तिसऱ्या दिवसापासून उताणें तरंगणें सुरू झालें. कमरेस कॅन बांधलेलाच होता. शिवाय आबांचा तळहात पाठीखालीं. कान पाण्यांत बुडाले पाहिजेत, नजर आकाशाकडे, पोट वर. फुफ्फुसें हवेनें भरलेलीं असलीं म्हणजे मनुष्याचें शरीर पाण्याहून किंचित् हलकें असतें. तें आपण होऊनच तरंगूं पाहतें. घाबरलेलें मूल डोकें वर उचलतें, तेव्हां डोक्याचा भार पाण्याबाहेर येतो आणि पाय खालीं जातात. तें ओरडतें, तेव्हां छातींतील हवा जाते आणि अंग जड होतें. बुडविणारी ती भीतिच. म्हणून आबा हातपाय मारण्याची घाई करीत नसत. आधीं निजतां आलें पाहिजे, मग चालतां येईल, असा त्यांचा क्रम.

पांचव्या दिवशीं मुलगा उताणा पडून आकाशांतल्या घारीकडे पाहत होता. थोड्या वेळानें म्हणाला, “आबा, हात सोडूं नका हं.” आबा दोन हात अंतरावर, छातीइतक्या पाण्यांतील पायरीवर, हाताची घडी घालून उभे होते. म्हणाले, “हात मी कवाच काढलाय, लेकरा.” मुलगा दचकला, एक गटांगळी खाल्ली, आणि मग स्वतःच पुन्हा उताणा झाला. त्या क्षणीं त्याला पोहतां येऊं लागलें. पुढील आठवड्यांत तो पाय कमरेपासून हलवूं लागला, विहिरीच्या ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेला, कॅन सुटला, ह्या सर्व गोष्टी ओघानें आल्या.

दोन त्रिकोणी डोंगर

मुलगा विहिरींत असे तेव्हां मुलगी कांठावर लिंबाखालीं बसून चित्रें काढी. तिच्या वर्गांतील चित्रांची वही आम्हीं तेथेंच प्रथम नीट पाहिली. पानोपानीं तेंच चित्र : दोन त्रिकोणी डोंगर, मध्यें उगवता सूर्य, खालीं वळणें घेत येणारी नदी, कांठावर झोंपडी आणि नारळाचें झाड. रंग सुरेख भरलेले, रेघेबाहेर कोठेंही न गेलेले. देवणीला आल्यावरही तिनें तेंच काढलें! वास्तविक समोर डोंगर नव्हता, नारळ नव्हता, वाहती नदी नव्हती. समोर होत्या त्या गाई; आणि त्या जगांत कोठेंही नव्हे, येथेंच निपजलेल्या.

देवणी जातीचीं तीन रूपें शेतकरी ओळखतात. सर्वांग पांढरें तें बालंक्या. अंग पांढरें आणि तोंड काळें तें वानेरा. पांढऱ्यावर काळे ठिपके विखुरलेले तें शेवरा. कान लांब व लोंबते, कपाळ भरदार. दुधाला चांगली आणि बैल नांगराला बळकट, म्हणून लातूर, नांदेड, परभणी, धाराशिव आणि पलीकडील बिदर, ह्या सर्व भागांत ह्या जातीस मान आहे. चित्रकाराच्या दृष्टीनें पाहिलें तर तीन प्रकारच्या काळ्या-पांढऱ्याचा हा धडा दारांत चरत होता, आणि आमची मुलगी न पाहिलेले डोंगर गिरवीत होती. ज्याप्रमाणें तिच्या भावाला पाय टेकावयास तळ होता, तसाच हाही एक तळ होता. ह्या चित्रांत चुकण्याची भीति नाहीं, म्हणून पाहण्याची गरज नाहीं.

मुलांच्या चित्रांविषयीं पंडितांनीं बराच विचार केला आहे. व्हिएन्ना येथें फ्रांझ चिझेक ह्या चित्रकारानें १८९७ सालीं मुलांसाठीं चित्रवर्ग काढला आणि मोठ्यांचीं चित्रें गिरविण्याच्या सक्तीपासून त्यांना मोकळें केलें. १९२७ सालीं ल्युके ह्या फ्रेंच पंडितानें दाखविलें कीं, लहान मूल डोळ्यांना दिसतें तें काढीत नाहीं. त्याला जें ठाऊक असतें तें काढतें. म्हणून गाभण गाईच्या पोटांत वासरूं दिसतें. भिंतीआडची चूल दिसते. विहिरीचें तोंड वरून पाहिल्याप्रमाणें आणि पायऱ्या व पाणी बाजूनें पाहिल्याप्रमाणें एकाच चित्रांत येतात. पुढें १९४७ सालीं लोवेनफेल्ड ह्यांनीं मुलांच्या चित्रांच्या वाढीच्या पायऱ्या मांडल्या. तिसऱ्या-चौथ्या वर्षीं माणसाचे हातपाय डोक्यालाच फुटतात, पुढें सहा-सात वर्षांचें मूल कागदाच्या तळाशीं जमिनीची रेघ ओढतें, आणि नऊ-दहा वर्षांच्या सुमारास त्याला आपलें चित्र “खरें दिसत नाहीं” असें वाटूं लागतें. ह्या शेवटल्या वळणावर जर कोणीं म्हटलें, “ही कसली गाय? ही तर शेळी दिसते,” तर पुष्कळ मुलें कुंचला जो खालीं ठेवतात तो जन्माचाच. विहिरींत ढकलणें आणि चित्राला हंसणें ह्यांत आम्हांस फारसा फरक दिसत नाहीं.

आपल्या महाराष्ट्रांतही हा विचार नवा नाहीं. ताराबाई मोडक ह्यांनीं १९४५ सालीं बोर्डीस आणि १९५७ नंतर अनुताई वाघ ह्यांच्यासह कोसबाडच्या टेकडीवर जें बालशिक्षणाचें कार्य केलें, त्यांत परदेशी महाग साधनांच्या जागीं पानें, बिया, खडे, शिंपले, म्हणजे त्या मुलांच्या अंगणांतल्याच वस्तु आणल्या. व्यंगचित्रकार शंकर ह्यांनीं १९४९ सालीं दिल्लींत मुलांची चित्रस्पर्धा सुरू केली आणि पुढें ती जगभर पोहोंचली. परंतु घरोघर अजून डोंगर, सूर्य आणि नारळच चालूं आहे.

आम्हीं मुलीची वही मिटविली आणि तिला आबांच्या नातीबरोबर गोठ्यांत धाडलें. कोळसा, गेरू, चुना, हळद आणि नीळ एवढे रंग तेथें होते. पोळ्याला बैल रंगविणाऱ्या घरांत रंगांचा तुटवडा नसतो. तिची पहिली गाय खरोखरच शेळीसारखी झाली. आम्ही कांहीं बोललों नाहीं, एवढें मात्र विचारलें, “ह्या गाईचे कान कोठवर येतात ग?” ती पुन्हा पाहावयास गेली. चित्रकलेच्या शिक्षकाचा तळहात तो एवढाच : पुन्हा पाहावयास लावणें.

आमची चूक

येथवर सर्व गोड चाललें होतें. बाराव्या दिवशीं आम्ही मंडळी शेजारच्या शेतावर हुरड्याची कणसें आलीं कीं नाहींत तें पाहावयास गेलों. तेथें शेततळें होतें. बांधावर आम्ही मोठीं माणसें बोलत बसलों. मुलें पंधरा पावलांवर खेळत होतीं. चेंडू तळ्यांत गेला. तो कांठापासून हातभरच दूर होता. मुलगी वांकली, एक पाय उतारावर ठेवला, आणि गेली.

वाचकहो, आम्हांस ऐकूं कांहींच आलें नाहीं. बुडणारें माणूस ओरडतें, हात हलवितें, असा आपला समज असतो. तो चुकीचा आहे. ज्याला श्वासच मिळत नाहीं तें ओरडणार कोठून? हात दोन्ही बाजूंस पाण्यावर दाबले जातात, तोंड वर-खालीं होतें, आणि मिनिटाच्या आंत सर्व शांत होतें. आम्हांस ऐकूं आली ती मुलाची हांक. पाहतों तों मुलगा कांठावर पालथा पडलेला, आणि आपल्या कमरेचा दोरी बांधलेला कॅन, जो त्या दिवशीं विहिरीवरून निघतांना त्यानें गळ्यांत अडकविला होता, तो त्यानें पाण्यांत फेकला होता. दोरीचें टोंक हातीं घट्ट. आबांनीं त्याला रोज एक गोष्ट घोकून घेतली होती : कोणी पडलें तर उडी मारायची न्हाई, हाका मारायच्या, पडून राहायचं, आन् काय हाताला लागंल तें फेकायचं. मुलीच्या हाताला कॅन लागला. मावसबंधूंनीं व एका गड्यानें दोरी ओढून तिला वर घेतलें. ती शुद्धीवर होती. चार वेळां खोकली आणि मग रडूं लागली. ते रडणें ऐकून आम्हीही रडलों.

दोष कोणाचा? शेततळ्यास कुंपण नव्हतें, हें खरें. परंतु पंधरा पावलांवर बसून पाठ करून बोलत होतों ते आम्हीच. आणि मूळ दोष त्याहून जुना. “मुलगी आहे, पुढें शिकेल,” असें म्हणणारेही आम्हीच. आरती साहा ह्यांनीं १९५९ सालीं इंग्लिश खाडी पोहून पार केली. त्यानंतर इतक्या वर्षांनींही आमच्या सुशिक्षित घरांत मुलगा पाण्यांत आणि मुलगी कपडे सांभाळीत कांठावर, ही विभागणी आम्ही नकळत चालवीत होतों. पाणी अशी विभागणी मानीत नाहीं.

दुसऱ्या दिवशीं आम्ही तिला शेताकडे नेणार नव्हतों. आबाच घरीं आले. म्हणाले, “आज न्हाई आली तर कदी यायची न्हाई. पाण्यात नका घालू, पायरीवर बसू द्या.” ती दोन दिवस नुसती पायरीवर बसली. तिसऱ्या दिवशीं त्यांनीं हात पुढें केला, “ये माय, नुसता पाय सोड,” आणि तिनें पाय सोडला.

पालकांनीं काय पाहावें

ह्या अनुभवानंतर वर्ग निवडतांना आम्ही ज्या गोष्टी पाहतों त्या येथें देतों. पोहण्याच्या वर्गांत शिक्षक कांठावर शिट्टी घेऊन उभा असतो कीं पाण्यांत असतो? एका शिक्षकामागें मुलें किती? ओझरत्या नजरेंत मोजतां येतील इतकींच असावीं. खोली लिहिलेली आहे कीं नाहीं? दोरी, बांबू, तरंगणारें कडें हाताशीं आहे कीं नाहीं? उताणें तरंगणें प्रथम शिकवितात कीं शर्यतच आधीं? आणि शेवटीं, पाय टेकत नाहींत अशा पाण्यांत, शिक्षक जवळ असतांना, मूल अर्धा मिनिट शांत राहतें कीं नाहीं? हें पाहिल्याशिवाय प्रशस्तिपत्रक चौकटींत लावूं नये. पोहतां येणारें मूलही एकटें पाण्यावर सोडूं नये, हें तर सांगावयास नकोच. आणि जुन्या, वापरांत नसलेल्या विहिरींत कोणींच उतरूं नये.

पाण्यांतून काढलेलें मूल श्वास घेत नसेल, तर त्याला उलटें टांगणें, गरगर फिरविणें, पोट दाबणें, ह्या जुन्या समजुतींत अमोल क्षण जातात. पाठीवर निजवून, मान किंचित् मागें करून तोंडानें श्वास द्यावा, छाती दाबण्याची क्रिया सुरू करावी, आणि दुसऱ्यानें १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ही क्रिया प्रत्येक घरांतील एका तरी माणसानें जाणत्याकडून प्रत्यक्ष शिकून घ्यावी. वाचून ती येत नाहीं.

चित्रकलेच्या वर्गाची परीक्षा त्याहून सोपी. भिंतीवर लावलेलीं चित्रें पाहावीं. वीस मुलांचीं वीस चित्रें एकसारखीं असतील तर नमस्कार करून परत यावें. गाई निळ्या असतील, माणसें घराहून उंच असतील, कागद फाटला असेल, तर खुशाल नांव घालावें. घरीं एवढेंच पाळावें कीं, “हें काय काढलें आहेस?” असें न विचारतां “ह्याची गोष्ट सांग पाहूं,” असें म्हणावें. आणि एखादें दिवस मूल कांहींच सांगणार नाहीं, तेव्हां तोही दिवस सोडून द्यावा.

आमच्या मुलीनें तसेंच केलें. अपघाताच्या रात्रीं तिनें कोळशानें सारा कागद काळा केला. त्यांत तळें होतें, चेंडू होता. ती कोठेंच नव्हती. आम्हीं विचारलें नाहीं. सुटी वाढवून आम्ही आणखी दहा दिवस देवणीस राहिलों. निघण्याच्या आदल्या दिवशीं तिनें एक चित्र आबांना दिलें. चौकोनी विहीर, वरूनही आणि बाजूनेंही दिसणारी. पायऱ्या बरोबर सहा. कांठावर काळ्या तोंडाची वानेरा गाय, तिचे कान अगदीं खालपर्यंत लोंबणारे. आणि पाण्यावर उताणी निजलेली एक मुलगी, गाईहून मोठी. आबांनीं तें बराच वेळ न्याहाळलें आणि विचारलें, “ह्यात मी कुठं हाय, माय?”

ती म्हणाली, “आबा, तुम्ही हात काढून घेतला आहे ना, म्हणून दिसत नाहीं.”

घरीं आल्यावर आम्हीं भिंतीवरील चौकट उघडली आणि प्रशस्तिपत्रक काढून ठेवलें. आबांकडून त्या चित्राची एक प्रत मागवून आतां ती तेथें लावली आहे.